झऱ्याचा ‘विसर्ग’?

पाऊस आणि तापमान एवढ्या दोनच नोंदींवरून डोंगरातल्या झऱ्याला किती पाणी येईल हे वर्तवणाऱ्या साध्या प्रतिमानाविषयी (मॉडेलविषयी) लिहिताना ‘स्प्रिंग डिस्चार्ज’ला ‘झऱ्याचा विसर्ग’ म्हणावे का, असा प्रश्न आहे. म्हणू नये. विसर्ग म्हणजे सोडणे. धरणाचे दरवाजे उघडून पाणी सोडले जाते, झऱ्याला दरवाजे नसतात. ‘उत्सर्जन’ त्याहून वाईट, आणि पाणी कमी होण्याच्या गतीला ‘मंदी-गुणांक’ म्हणणाऱ्यांच्या कानांवर ‘आटणे’ हे क्रियापद कधी पडलेच नसावे.

खरी गंमत ‘झरा’ या शब्दातच आहे. ‘झरझर’ या नादावरून तो आला, ही समजूत सोडून द्यावी. त्याचे मूळ क्षर् म्हणजे वाहणे, गळणे. जे झरून जात नाही ते अक्षर. मात्र ‘संस्कृतातला क्ष बिघडून प्राकृतात झ झाला’ असे जे ठासून सांगितले जाते, तेही मला मान्य नाही. क्षीराची खीर झाली, क्षेत्राचे शेत झाले. मग क्षर् धातूलाच झ का मिळावा? कारण त्याचा मूळ उच्चार घोष होता, म्हणजे ग, झ यांच्यासारखा कंठातल्या कंपासह होणारा, आणि अवेस्ता या प्राचीन इराणी ग्रंथाच्या भाषेतल्या त्याच्या सजातीय (एकाच मुळातून आलेल्या) धातूत तो घोष स्पष्ट दिसतो. संस्कृतने तो गमावला, प्राकृताने जपला; इतकेच नव्हे, तर ‘निर्झर’ हा झकारयुक्त शब्द संस्कृतने प्राकृताकडूनच उसना घेतला. बिघडले कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याच धातूला ‘प्र’ लागून ‘पाझर’ झाला, आणि इथे प्रतिमानाशी गाठ पडते. पडलेल्या पावसातून बाष्परूपाने जाणारा अंश वजा करायचा (हवामानशास्त्रज्ञ थॉर्नथ्वेट यांची १९४८ ची पद्धत तो मुख्यतः तापमानावरूनच काढते), उरलेले पाणी डोंगररूपी टाकीत मुरवायचे आणि टाकीत जितका साठा, त्या प्रमाणात तळाच्या भोकातून पाणी बाहेर पडते असे मानायचे, एवढेच हे गणित आहे. याच गृहीतकावर बसणाऱ्या, फ्रेंच गणिती माये यांच्या १९०५ च्या आटण्याच्या सूत्राने पाहिल्यास, मिनिटाला २० लिटर देणारा आणि पाऊस थांबल्यावर दिवसाला शेकडा एक या गतीने आटणारा झरा सुमारे ६९ दिवसांनी १० लिटरवर आणि १३८ दिवसांनी ५ लिटरवर येतो. परंतु रुंद भेगांतून धावत येणारे पाणी आणि खडकाच्या बारीक छिद्रांतून रेंगाळणारे पाणी यांचा मेळ एका टाकीत बसत नाही, म्हणून अनेकदा दोन टाक्या घ्याव्या लागतात. माझे तर म्हणणे असे, की त्यांची नावे मराठीत तयारच आहेत: वेगवान टाकीची झर आणि मंद टाकीचा पाझर, दोन्ही एकाच क्षर्ची अपत्ये.

राहिला ‘डिस्चार्ज’. साधे ‘झऱ्याचा प्रवाह’ लिहावे आणि पुढे ‘लिटर प्रतिमिनिट’ हे एकक जोडावे. विसर्ग धरणासाठी आणि ‘दुःख’ लिहिण्यासाठी राहू द्यावा.