बाळंतपणानंतरचं कपाट : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये बाळ झाल्यावर कपड्यांचं काय करायचं हा प्रश्न इतक्या जणींनी (आणि एका नवऱ्यानेही) विचारलाय की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली. त्यातली ही तीन.

प्रश्न : ताई, माझी मुलगी आता पाच महिन्यांची होईल. पुढच्या महिन्यात रजा संपतेय आणि ऑफिस सुरू, ठाण्याहून परळ, लोकलने. कपाट उघडलं की रडूच येतं. जीन्स मांडीवरच अडकते, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, कुर्ते छातीवर ताणतात आणि घरात मी दिवसभर गाऊनमध्ये. आई म्हणते आत्ता काही घेऊ नकोस, अंगावर पाजतेयस, वजन आपोआप उतरेल मग सगळं वाया जाईल. मलाही आठ-दहा हजार घालवायचं जिवावर येतंय. पण मग ऑफिसला घालू काय?
- एक वाचक, ठाणे

उत्तर : अगं, आई प्रेमापोटीच सांगतेय पण यात तिचं ऐकू नकोस. वजन कधी उतरेल, किती उतरेल हे कोणीच सांगू शकत नाही. काहींचं सहा महिन्यांत उतरतं, काहींना दीड-दोन वर्षं लागतात आणि काहींचं अंग कायमचंच थोडं बदलतं, कंबर रुंदावते, चपलेचा नंबर वाढतो आणि तो वाढलेलाच राहतो. गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत पूर्वीएवढं होतं, पण पोटाचे स्नायू, छाती, कंबर यांना अशी ठरलेली तारीख नसते. तेवढा सगळा काळ तू काचणारे कपडे घालून गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहायचं का? आज जे अंग आहे त्याला बसतील असे कपडे तुला आजच हवेत, मोजके असू देत पण बसणारे. आणि त्यासाठी आठ-दहा हजार लागत नाहीत, निम्म्याहून जास्त काम टेलरकडे होऊन जातं.

पहिलं म्हणजे जे आत्ता होत नाही ते सगळं एका बॅगेत भर आणि माळ्यावर टाक. देऊन टाकू नकोस, वर्षभर तरी राहू दे, फक्त रोज सकाळी ते डोळ्यासमोर नको. कपाटात जे लटकतंय ते अंगात जातंय एवढं झालं ना तरी सकाळची निम्मी चिडचिड जाते.

मग पहिला खर्च ब्रावर कर. पूर्वीचा नंबर विसर. बाळाला पाजून झाल्यावर टेप घेऊन छातीच्या बरोबर खालचा घेर आणि सगळ्यात भरलेल्या जागेवरचा घेर, दोन्ही माप, कारण दूध भरलेलं असताना माप वेगळं येतं. फीडिंग ब्रा घेताना सगळ्यात सैल हुकावर नीट बसते का ते बघायचं, म्हणजे पुढे घेर कमी झाला की आतले हुक लावता येतात. वायरवाली आणि दाबणारी तर नकोच, एकाच जागी सतत दाब आला की दूध अडून गाठ होऊ शकते, आणि कधी तो भाग लाल-गरम होऊन दुखायला लागला, ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तीन ब्रा पुरतात, पावसाळ्यात चार घे कारण जाड कप वाळतच नाहीत आणि ओलसर घातलं की खाज सुटते. दूध गळण्यासाठी पॅड विकत मिळतात पण जुन्या सुती साडीचे चार-पाच थर गोल कापून कडेने टीप मारली की घरचे पॅड होतात, धुवायचे, उन्हात वाळवायचे, परत वापरायचे.

आता टेलर. तुझे ताणणारे कुर्ते आणि ब्लाउज उलटे करून बघ, बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, किती आहे ते. शिवून घेतलेल्या कपड्यात बहुतेक वेळा इंच-दीड इंच असतेच, रेडिमेडमध्ये फारच कमी. दोन्ही बाजूंच्या शिवणी फक्त अर्धा-अर्धा इंच बाहेर घेतल्या तरी पुढचं-मागचं कापड मिळून घेर एकूण दोन इंच वाढतो, आणि दोन इंच म्हणजे हुक न लागणारा ब्लाउज आरामात लागतो. टेलरला सांगायचं की आधी बाहेरून नवी टीप मार आणि मग जुनी उसव, आणि बगलेपाशी थांबू नकोस, बाहीतही सोड, नाहीतर अंगात सैल आणि दंडात घट्ट असं विचित्र होतं. कटोरी ब्लाउज, म्हणजे छातीवर वाटीसारखे तुकडे जोडलेला, असेल तर बाजूने कितीही सैल केला तरी कटोरीवर ताण राहतोच, त्यावर पैसे घालवू नकोस, तो बॅगेत. सिल्कवर जुन्या टिपेची भोकं दिसतात तेव्हा सिल्कलाही आत्ता हात लावू नकोस, सुतीच आधी कर.

पाजायला किंवा ऑफिसमध्ये दूध काढायला पुढून उघडणारं काहीतरी पाहिजे. पाठीला चेन असलेला ड्रेस घातलास तर दर वेळी अर्धे कपडे काढून बसावं लागेल. तुझ्याकडे प्रिन्सेस कटचे कुर्ते असतील तर त्या छातीवरून जाणाऱ्या दोन शिवणींमध्येच सात-आठ इंचांची न दिसणारी चेन बसवून मिळते, लांबून कळतही नाही. चेन प्लास्टिकचीच, धातूची नको, आणि आतून कापडाची पट्टी लावून घे, चेन बाळाच्या गालाला घासते. साडी नेसत असशील तर फारच छान, पदर आहे, पुढून हुक आहेत, मला तर पाजणाऱ्या बाईसाठी साडीइतकी सोयीची गोष्ट दुसरी दिसत नाही. फक्त पदराची पिन खांद्याच्या मागच्या बाजूला लाव, जिथे बाळाचं डोकं येतं तिथे नको.

रंगाचं म्हणशील तर राखाडी आणि फिकट प्लेन कुर्ते सध्या राहू देत, दुधाचा डाग त्यावर लगेच उठून दिसतो आणि भर मीटिंगमध्ये जीव कानकोंडा होतो. बारीक छपाईचे, गडद, अजरख किंवा बांधणीसारखे घाल. विकत काय घ्यायचं तर कमरेला मागून इलॅस्टिक असलेल्या दोन पँट, पुढून बटणांचा एक कुर्ता आणि एक मोठी सुती ओढणी. बाकी सगळं आल्टर. एक जास्तीचा कुर्ता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये घडी करून ठेवून दे.

आणि हो, कपड्यांचा विषय नाही तरी सांगते कारण बऱ्याच जणींना माहितच नसतं : मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात २०१७ साली बदल होऊन पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच कायद्यात, आणि २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी ब्रेक आहे, नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त. तो हक्काने माग. दूध काढायला बंद होणारी खोली हवी हेही जॉइन व्हायच्या आधीच लेखी कळव, पहिल्या दिवशी जाऊन बाथरूममध्ये उभं राहायची वेळ येऊ देऊ नकोस.

प्रश्न : बायकोचं सिझेरियन होऊन दोन महिने झालेत. दिवाळी पाडव्याला तिला भारी साडी घ्यायचा विचार आहे. सरप्राइज देऊ का? कुठली घेऊ?
- एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, साडी जरूर घ्या पण सरप्राइज नको, तिला विचारा. दोन महिन्यांत टाके वरून भरलेले दिसले तरी आतून तिथे दुखतं, बधिरपणा असतो, आणि परकराची नाडी नेमकी त्याच्या आसपास काचते. म्हणून साडीबरोबर रुंद पट्ट्याचा किंवा होजिअरीचा परकर घ्या. भरगच्च जरीकाठ बाळाच्या गालाला टोचतात, मऊ सुती किंवा मलमल घ्या, फॉल-पिको करूनच आणा आणि ब्लाउज ताणणारा रेडिमेड. त्याहून मोठी भेट म्हणजे तिला हवं तेव्हा दोन तास बाळ तुम्ही सांभाळा, तिला एकटीला दुकानात जाऊ दे, ट्रायल रूममध्ये शांतपणे घालून बघू दे. कितीतरी जणी बाळ झाल्यापासून आरशासमोर निवांत उभ्याच राहिलेल्या नसतात हो.

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय, नात दीड महिन्याची आहे. तिला गाऊनचा कंटाळा आलाय म्हणून मी माझ्या ट्रंकेतल्या जुन्या सुती साड्या आणि इरकली काढल्यात, काही ती नेसेल, काहींची दुपटी करू. साड्यांना डांबर गोळ्यांचा वास आहे, उन्हात टाकल्या की झालं ना? आणि ब्लाउजना दुधाचा आंबूस वास येतो तो जात नाही.
- एक आजी, सांगली

उत्तर : काकू, विचारलंत हे फार बरं केलंत, कारण डांबर गोळीचा विषय साधा नाही. त्यातलं नॅफ्थलीन कपड्यात मुरतं आणि तान्ह्या बाळाच्या अंगात वासातून आणि कातडीतून जाऊ शकतं. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतःच कमतरता असते, अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि जोराची कावीळ होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे हे वरून बघून कळत नाही, म्हणून प्रत्येक घराने जपायचं. नुसतं उन्हात टाकून भागणार नाही. दोन-तीनदा साबणाने धुवा, प्रत्येक वेळी उघड्यावर दिवसभर वारा लागू द्या, नाकाजवळ धरून वास पूर्ण गेला असेल तरच लेकीला नेसू द्या. रंग जाईल म्हणून जी इरकल धुववत नसेल ती आत्ता राहू दे. आणि दुपटी या साड्यांची करूच नका, रोजच्या वापरातल्या, कधी ट्रंकेत न गेलेल्या साड्या घ्या. ट्रंकेत गोळ्यांऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवा.

दुधाच्या डागाला पहिलं पाणी गार हवं. कढत पाण्यात टाकलं की दुधातलं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं आणि मग वास निघत नाही. गार पाण्यात अर्धा तास भिजवा, साबण लावून चोळा, नंतर हवं तर कोमट पाणी. हळदीच्या डागाचं वेगळं, साबण लावल्यावर तो लाल होतो, घाबरू नका, धुवून ओलाच कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत फिका पडत जातो.

लेकीला एखादी इरकल द्या बघू आधी, वास गेलेला असला तर.