सांगून झाल्यावर तुम्ही तिथंच बसणार आहात का?

"खरं बोललो तर पोरगं तुटतंय, गप्प बसलो तर देवापुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं?" ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. कोल्हापुरात मिशनचं काम 1852 साली सुरू झालं, आणि इथली जुनी ख्रिस्ती घराणी आजही एकमेकांना ओळखून आहेत. समाज लहान, त्यामुळं एका घरातली गोष्ट रविवारपर्यंत सगळीकडे झालेली असते. ती भीती खोटी नाही.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. नवरा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'वडील' या कारभारी पदावर निवडून आलेला, 24 वर्षांचा मुलगा तरुण संघाचा खजिनदार. मुलाला मोबाईलवर क्रिकेटचा सट्टा लागला आणि शिबिरासाठी जमलेले 38 हजार त्यात गेले. आईला आधी कळलं. तिनं गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, पाटल्या गहाण ठेवल्या आणि गुपचूप पैसे भरले. नवऱ्याला कळलं ते तीन आठवड्यांनी, सराफाच्या पावतीवरून.

ती पावती त्यांनी बायबलमध्ये घडी करून आणली होती. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "येत्या रविवारी उपासनेनंतर त्याला मंडळीपुढं उभा करणार. सत्य तुम्हांला बंधमुक्त करील, असं प्रभूनंच म्हटलंय." वहिनी लगेच म्हणाल्या, "प्रीती पापांची रास झाकून टाकते, हेही वचनच आहे की!" बोलताना त्या मनगट चोळत होत्या. पाटल्यांच्या जागी कातडीवर फिकट पट्टा उमटला होता.

दोन्ही वचनं खरी. पण मला ऐकू येत होतं ते वेगळंच. दादांना घराण्याच्या नावाची चीड होती, वहिनींना मुलगा हातचा जाईल याची धास्ती. पैसे भरल्यावर पुढच्याच आठवड्यात मुलानं पुन्हा सट्टा लावला होता, हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं. वहिनींचं वचन पेत्राच्या पत्रातलं. पेत्र म्हणतो ते झाकणं म्हणजे चव्हाट्यावर न आणणं. व्यसनाला पैसा पुरवणं त्यात बसत नाही, आणि हे मी वहिनींना स्पष्ट सांगितलं.

दादांना मी एवढंच विचारलं, "त्याला सांगून झाल्यावर तुम्ही तिथंच बसणार आहात का?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही. उठून घरी जाणार होतो."

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं क्रम घालून दिलाय: आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मंडळी सगळ्यात शेवटी. दादा शेवटच्या पायरीवरून सुरुवात करत होते. (एखाद्या लेकराला किंवा बाईला कुणी इजा करत असेल, तर मात्र या क्रमात अडकू नका. आधी त्यांना सुरक्षित करा, पोलिसांकडे जा. तिथं घरातल्या घरात मिटवणं हा अन्यायच.)

मला स्वतःला योहानाचा एकविसावा अध्याय फार जवळचा. शिष्य असून पेत्रानं प्रभूला नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत होता. सरोवराच्या काठी पुन्हा तसाच विस्तव, त्यावर मासे, भाकरी. प्रभू आधी न्याहारीला बोलावतो आणि खाणं झाल्यावर तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" प्रश्न टाळला नाही, आणि उपाशीपोटी विचारलाही नाही.

मग आम्ही तालीम केली, अगदी वाक्यांची. "पैसे तू घेतलेस, हे मला माहीत आहे. तू माझा मुलगा आहेस. पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) जायचं आहे, मी बरोबर येतो." मध्ये 'पण' घालायचा नाही, ही एकच अट. "तू माझा आहेस, पण..." म्हटलं की मुलाला फक्त 'पण'च्या पुढचं ऐकू येतं. दादा चार वेळा चुकले. पाचव्यांदा वाक्य पुरं करताना त्यांचा आवाज फुटला.

घरी जेवणं झाल्यावर ते बोलले. मुलगा रडला, चिडला, रात्री उशिरा परत येऊन बसला. नंतर तो माझ्याकडे आला तेव्हा मी पहिल्याच भेटीत थेट विचारलं, जीव द्यावासा वाटला का. वाटला होता. असं विचारल्यानं डोक्यात नको ते शिरतं, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून तो मोकळा झाला. पुढं सट्ट्याच्या व्यसनावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू केले.

पाळकांसमोर त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, खजिनदारपद सोडलं. मध्येच त्याचे शब्द अडकले, तेव्हा शेजारी बसलेल्या दादांनी काही न बोलता पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली.

पाटल्या अजून गुजरीतच आहेत. दर महिन्याला पगार झाला की मुलगा स्वतः सराफाकडे पैसे भरायला जातो. वहिनी त्याच्याबरोबर जातात आणि तो येईपर्यंत दुकानाच्या पायरीवर थांबतात.