टॅलीची सवय, वर्डचा घोळ

प्रश्न: मी फोर्टला एका सीएंच्या ऑफिसात आहे, दिवसभर टॅली चालू असतं आणि व्हाउचर सेव्ह करायला कंट्रोल ए मारायची सवय हाताला इतकी लागलीय की वर्डमध्ये पत्र लिहितानाही तेच मारते, मग सगळं सिलेक्ट होतं आणि पुढचं अक्षर दाबलं की पत्र गायब! सगळीकडचे शॉर्टकट एकाच जागी बसून सारखे करता येतात का? विंडोज ११ आहे.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: ताई, पत्र गायब झालं की आधी कंट्रोल झेड, बाकी सगळं नंतर.

विंडोजमध्ये तशी एकच जागा नाहीये, कारण कंट्रोल ए दाबल्यावर काय करायचं ते समोर उघडं असलेलं सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणून कंट्रोल एच ने क्रोममध्ये हिस्टरी उघडते, वर्डमध्ये रिप्लेस, आणि आउटलुकमध्ये काही शोधायला कंट्रोल एफ मारावं तर मेल फॉरवर्ड व्हायला निघतो, हे डोकं कोणी लावलं देव जाणे.

पण मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉईज नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातलं कीबोर्ड मॅनेजर मधल्यामधे की पकडून बदलून देतं. त्यात रीमॅप शॉर्टकटमध्ये जा, डावीकडे कंट्रोल ए, उजवीकडे कंट्रोल एस द्या, आणि टार्गेट ॲपच्या चौकोनात इंग्रजीत विनवर्ड लिहा, सगळं जोडून. तो चौकोन रिकामा सोडलात तर बदल सगळीकडे लागू होईल, टॅलीतसुद्धा, आणि मग नवीनच रामायण. एक्सेलसाठी वेगळी ओळ टाका. वर्डमध्ये खरंच सगळं सिलेक्ट करायचं असेल तेव्हा पानाच्या डाव्या मार्जिनमध्ये तीनदा क्लिक करा, एक्सेलमध्ये ए कॉलमच्या डावीकडचा कोपरा.

माझं मत विचाराल तर या दोन ओळींवर थांबा. वीस शॉर्टकट बदलून ठेवलेत आणि शेजारच्या टेबलावरच्या पीसीवर बसायची वेळ आली की हात पुन्हा चुकणारच. विंडोज एल आणि कंट्रोल आल्ट डिलीट तसेही बदलत नाहीत. पॉवरटॉईज मागे चालू असेल तरच हे सगळं चालतं, म्हणून त्याच्या जनरल सेटिंगमध्ये रन ॲट स्टार्टअप चालू आहे ना ते बघून घ्या.

प्रश्न: मॅकवर हे जमतं का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: बऱ्यापैकी, आणि वेगळं काही टाकावंही लागत नाही. सिस्टम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, ॲप शॉर्टकट्स, तिथे ऑल ॲप्लिकेशन्स निवडायचं. फक्त ज्या कमांडचा शॉर्टकट बदलायचाय तिचं मेन्यूतलं नाव जसंच्या तसं टाइप करा, शेवटी तीन टिंबं असतील तर तीही, नाहीतर शॉर्टकट चालणार नाही.