जवाच्या जुन्या बियाण्यात एकाच शेतातील रोपे वेगवेगळी का येतात? ती भेसळ समजावी का?

आपण लिहिले आहे की, ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलेले जवाचे जुने बियाणे पेरल्यावर काही रोपे आधी निसवली, म्हणजे त्यांच्या ओंब्या आधी बाहेर पडल्या, काही फार उशिरा, आणि ओंब्याही सारख्या आल्या नाहीत. बियाण्यात गहू किंवा दुसरे पीक मिसळलेले नसेल, तर माझ्या मते ही भेसळ नव्हे. पारंपरिक वाण बहुधा असाच असतो.

पारंपरिक वाण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र पेरल्या गेलेल्या अनेक वंशांचा समूह होय. जव हे जवळजवळ पूर्णपणे स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणे धरणारे, पीक असल्यामुळे ओंबीतील दाणे मूळ रोपासारखेच निपजतात आणि हे वंश शेजारी शेजारी वाढूनही सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. सुधारित वाण मात्र बहुतेक वेळा निवडलेल्या एकाच वंशाचा असतो, म्हणून त्याचे शेत एकसारखे दिसते.

डोळ्यांना दिसणारे काही फरक अगदी थोड्या जनुकांचे असतात. ओंबी दोन ओळींची की सहा ओळींची, हे मुख्यतः एका जनुकावर ठरते. दाण्याला साल चिकटून राहते की मळताना सुटते, हेही तसेच. खरे मोल मात्र न दिसणाऱ्या फरकांचे आहे. इथिओपियातील जुन्या जवांत काही रोपांचे एक जनुक निष्क्रिय होते आणि त्यामुळे भुरीच्या बुरशीला त्यांच्या पेशीत शिरता येत नव्हते. हा गुण युरोपातील वाणांत 1979 पासून आला आणि चार दशकांनंतरही तो टिकून आहे. त्या शेतकऱ्यांनी वेगळी दिसणारी रोपे उपटून टाकली असती, तर तो गुण कदाचित कोणाच्या हातीच लागला नसता. सीरियातही बऱ्या पावसाच्या भागात पांढऱ्या दाण्याचा ‘अरबी अबियाद’ आणि कोरड्या भागात काळ्या दाण्याचा ‘अरबी अस्वद’ असे दोन स्थानिक जव रुजले, आणि त्या प्रत्येकाच्या आतही पुन्हा अनेक वंश आढळतात.

मी माण तालुक्यात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, करतो. ज्वारीत परपरागीकरण काही प्रमाणात होते, त्यामुळे तिची गोष्ट हुबेहूब जवासारखी नाही. तरी माझी चूक सांगण्याजोगी आहे. घरच्या दगडी शाळूचे बियाणे धरताना मी काही वर्षे केवळ सर्वांत टपोरी कणसे निवडली. ती बहुतेक उशिरा येणाऱ्या ताटांची होती. लवकर पोटरीत येणारी ताटे हळूहळू दिसेनाशी झाली, आणि ज्या वर्षी जमिनीतील ओल लवकर आटली त्या वर्षी कणसे भरलीच नाहीत. पूर्वी अशा वर्षी निदान लवकर येणारी ताटे तरी घरापुरते धान्य देत असत.

म्हणून आपण बियाण्यासाठी शेताच्या सर्व भागांतून, खोलगट आणि मुरमाड जागांतूनही, निदान शंभरेक ओंब्या घ्याव्यात. लवकर आलेल्या, उशिरा आलेल्या, बुटक्या, लांब अशा सगळ्या. काणी (दाण्याच्या जागी काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग) लागलेल्या ओंब्या तेवढ्या काढून जाळाव्यात. वंश ओळखण्याची इच्छा असेल, तर वीस-पंचवीस ओंब्यांचे दाणे वेगळे ठेवून पुढच्या रब्बीत एका ओंबीची एक ओळ अशी पेरणी करावी आणि प्रत्येक ओळ कोणत्या तारखेला निसवते, ते वहीत टिपून ठेवावे.