नक्शा पास झाला, पण काम सुरू करतोय हे इंदूर नगर निगमला, म्हणजे महापालिकेला, सांगितलं का?

अक्षयतृतीया महिन्यावर आली की घर बांधणाऱ्यांचे माझ्याकडचे मेसेज दुप्पट होतात, आणि प्रश्न तेच, फक्त इंदूरची कॉलनी बदलते. कोणी सुदामा नगरचं, कोणी राजेंद्र नगरचं, कोणी पार राऊच्या पुढचं. एकेकाला सांगून घसा बसला म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तर देतोय. मी आर्किटेक्ट आहे, वकील नाही आणि तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : नक्शा, म्हणजे घराचा आराखडा, निगमकडे ऑनलाइन टाकलाय, मंजुरी यायची आहे. गुरुजींनी अक्षयतृतीयेचा मुहूर्त दिलाय. सुरुवात करू का?

भूमिपूजन करा. नारळ फोडा, कुदळ लावा, पेढे वाटा, मलाही पाठवा. जेसीबी बोलावू नका.

प्रश्न : घराला प्लास्टर, नवीन फरशी आणि थोडं काम करायचंय. परवानगी लागते का?

प्लास्टर आणि फरशीला नाही. "थोडं काम" म्हणजे भिंत पाडणं किंवा मागे एक खोली काढणं असेल तर लागते. आणि अनुभव असा आहे की ते तेच असतं.

प्रश्न : पुण्याचा भाऊ म्हणतो छोट्या प्लॉटला परवानगीच लागत नाही, फक्त कळवायचं. मग इथले आर्किटेक्ट फी कसली घेतात?

भाऊ बरोबर आहे, पण पुण्यात. महाराष्ट्रात २०२० च्या शेवटी एकत्रित नियमावली आली, त्यात दीड हजार स्क्वेअर फुटापर्यंतच्या प्लॉटला अशी सवलत दिलीये, आणि तिथेही नक्शा, कागद, फी हे सगळं जमा करावंच लागतं, मनात कळवून चालत नाही. इंदूर मध्यप्रदेशात आहे. इथे भूमि विकास नियम २०१२ चालतो. तिकडचा सातबारा इथे खसरा होतो, तिकडचा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं तो आकडा, इथे एफएआर होतो आणि आकडेही वेगळे. छोट्या प्लॉटसाठी आपल्याकडेही रस्ता सोपा केलाय, पण अर्ज करावाच लागतो. तुमच्या प्लॉटला काय लागू आहे ते झोन ऑफिसात किंवा रजिस्टर्ड आर्किटेक्टला विचारा, भावाला दिवाळीला भेटा.

प्रश्न : अर्ज करून ३० दिवस होऊन गेले. ठेकेदार म्हणतो आता "डीम्ड" झालं, सुरू करा.

हा डीम्ड शब्द कोणी शोधला आणि सगळ्यात आधी ठेकेदारांच्या हातात कोणी दिला कोण जाणे. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये असं आहे खरं, की ३० दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर मंजूर समजायचं. पण पुढची ओळ कोणी वाचत नाही. एक म्हणजे, मुदत संपली आणि उत्तर आलं नाही हे तुम्ही लगेच लेखी कळवायचं असतं. दुसरं, डीम्ड झालं म्हणून नियमाविरुद्ध बांधायची सूट मिळत नाही, एमओएस, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, खाल्ला तर तो खाल्लेलाच राहतो. आणि मुळात उत्तर आलंच नाही हे तुम्हाला कसं कळलं? दहापैकी आठ वेळा पोर्टलवर क्वेरी येऊन पडलेली असते, नामांतरण (रेकॉर्डवर मालकाचं नाव चढवणं) अपूर्ण, नाहीतर रजिस्ट्रीतलं, म्हणजे खरेदीखतातलं, माप आणि नक्शातलं माप जुळत नाही, आणि ज्या कन्सल्टंटच्या लॉगिनमधून अर्ज गेलाय तो लग्नाला गेलेला असतो. त्याला शेजारी बसवून लॉगिन उघडायला लावा. मग बोलू.

प्रश्न : आमचा नक्शा पास झालाय, फी भरलीये, सही-शिक्क्याची कॉपी हातात आहे. आता काम सुरू करायचं परत निगमला कळवायचं म्हणे. हा नुसता त्रास नाही का?

हा प्रश्न आला की माझं बीपी वाढतं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

नक्शा पास होणं म्हणजे असं घर या प्लॉटवर चालेल, इतकंच. ते घर खरंच त्याच जागी उभं राहतंय का, हे त्या कागदाला माहीत नसतं. म्हणून काम सुरू करण्याची सूचना वेगळी द्यायची असते, कोडमध्ये तर ती दिल्यावर सात दिवस थांबून काम सुरू करावं असं लिहिलंय, ते अशासाठी की कोणाला जागेवर येऊन बघायचं असेल तर बघता यावं. तुम्ही म्हणाल येतं कोण! येवो न येवो, तुमच्याकडे तारखेची पावती राहते, कोणता आर्किटेक्ट आणि कोणता स्ट्रक्चरल इंजिनिअर काम बघतोय हे रेकॉर्डवर येतं, आणि उद्या शेजाऱ्याने तक्रार केली की "चोरून बांधलं" हे पहिलं वाक्यच गळून पडतं.

पण माझी खरी काळजी प्लिंथची, म्हणजे जोत्याची, आहे. एक माझ्यासमोरचं सांगतो, नाव-गाव राहू द्या. ठेकेदाराने चुन्याने लाइनआउट, म्हणजे घराची जमिनीवरची आखणी, टाकलं ते शेजारच्या कंपाउंड वॉलला धरून, कारण दोरी बांधायला ती सोयीची होती. ती भिंतच मुळात दीड फूट सरकलेली. म्हणजे अख्खं घर दीड फूट सरकलं, बाजूचा एमओएस गेला, आणि हे कळलं कधी, तर पहिला स्लॅब पडल्यावर, शेजाऱ्याने टेप लावला तेव्हा. फुटिंग (पायाचे खड्डे) खोदायच्या आधी कोणी माप घेतलं असतं तर चुना पुसून परत टाकायचा, अर्ध्या दिवसाचं काम. प्लिंथला कळलं असतं तरी थोडं तोडून निभावलं असतं. स्लॅबनंतर फक्त वकील उरतो. मालक मला म्हणाले, पण नक्शा तर पास होता ना! होता, नक्शात घर जागेवरच होतं.

म्हणून माझं म्हणणं, सूचना द्या, लाइनआउट रजिस्ट्रीच्या मापाने आर्किटेक्टकडून तपासून घ्या, आणि प्लिंथ झाला की परत मापं घेऊन, फोटो काढून तो टप्पा लेखी कळवा. मंजूर नक्शाची कॉपी साइटवर ठेवा, घरच्या कपाटात नाही. होम लोनचे हप्तेही प्लिंथ, स्लॅब असे टप्प्याटप्प्यानेच सुटतात, तेव्हा बँकेचा माणूस येणारच आहे, कागद तयार असलेले बरे.

आणि ठेकेदार म्हणेल, "अरे भिया, कंपाउंडिंग हो जाएगी." कंपाउंडिंग म्हणजे दंड भरून जादा बांधकाम कायम करून घेणं, कायद्यात त्याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा सरकार वरखाली करतं, २०२१ मध्ये १० टक्क्यांवरून ३० टक्के केली होती. तुमचा स्लॅब पडेल तेव्हा ती किती असेल हे तुमच्या ठेकेदाराला माहीत आहे? शिवाय रस्त्याच्या लाइनमध्ये गेलेलं किंवा पार्किंग बंद करून काढलेलं दुकान त्यात बसेल अशी आशा धरू नका. दंड तुम्ही भरता, निगमची पाडापाडीची, रिमूव्हलची गाडी तुमच्या दारात येते, ठेकेदार तोवर दुसऱ्या साइटवर.

प्रश्न : बायपासच्या पलीकडे प्लॉट मिळतोय. ब्रोकर म्हणतो डायवर्शन झालंय, पंचायतीची एनओसी आहे, उद्यापासून बांधा.

डायवर्शन म्हणजे जमिनीचा महसूल शेतीऐवजी घराच्या हिशोबाने लागतो, बस. ती बांधकामाची परवानगी नाही. ब्रोकरला चार कागद मागा: टीएनसीपीने, म्हणजे नगर तथा ग्राम निवेशने, मंजूर केलेला लेआउट, कॉलनीची विकास परवानगी, रेरा नंबर, आणि प्लॉट नंबर लिहिलेली रजिस्ट्री. "नोटरीवर करून देतो" म्हणाला तर चहा पिऊन उठा. ते गाव आता निगममध्ये आलंय का हेही बघा, कारण निगमच्या हद्दीत २९ गावं आलीयेत आणि तिथे अजूनही जुन्या सरपंचाच्या सहीचे कागद फिरतात. बयाणा देण्याआधी वकिलाकडून टायटल सर्च करून घ्या. त्याची फी जास्त वाटेल. द्या.

प्रश्न : बाबांनी बांधलेलं तळमजल्याचं घर आहे, वर एक मजला चढवायचाय. घर आपलंच आहे, मग सांगायचं कोणाला?

निगमला, कारण मजला वाढवणं हे नवीन बांधकामच आहे. आयडीएचा, म्हणजे इंदूर विकास प्राधिकरणाचा, लीजचा प्लॉट असेल तर तिथेही. पण त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, जुन्या घरांचा पाया किती खोल आहे कोणालाच आठवत नाही, आणि बाबांच्या मिस्त्रीने "दोन मजले झेलेल" म्हटलं होतं हे डिझाइन नव्हे. तो तपासून लेखी देईल तरच पुढे जा. बाबा हयात नसतील तर आधी नामांतरण, भावाबहिणींच्या सह्या. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि सरकू पण नये.

प्रश्न : बांधकामाच्या पाण्यासाठी एप्रिलमध्येच बोर मारून घेतो.

उन्हाळ्यात कलेक्टर बोरिंगवर बंदी घालतात, पेयजल परिरक्षण अधिनियम १९८६ खाली. आधी एसडीएम ऑफिसात विचारा. आणि १४० स्क्वेअर मीटर किंवा त्याहून मोठा प्लॉट असेल तर रेन वॉटर हार्वेस्टिंग करावंच लागतं, त्याची अमानत रक्कम (डिपॉझिट) नक्शासोबतच भरलेली असते. खड्डा करा, फोटो द्या, पैसे परत मागा. लोक मागतच नाहीत.

प्रश्न : मलबा आणि रेती सध्या घरासमोर रस्त्यावर ठेवली तर चालेल ना, दोनच दिवस?

इंदुरात राहून हे विचारताय? नाही. प्लॉटच्या आत ठेवा, हिरवी नेट लावा, मलबा उचलायला निगमच्या 311 अ‍ॅपवर टाका.

प्रश्न : आमचा नक्शा २०१८ ला पास झाला होता, पैसे नव्हते म्हणून थांबलो. आता त्याच नक्शावर सुरू करतोय, ठेकेदाराला अ‍ॅडव्हान्सही दिला.

परवानगीची मुदत साधारण तीन वर्षांची असते, वेळेत अर्ज केला तर वाढते, तुम्ही केला नाही. ती संपली. नवीन अर्ज करावा लागेल आणि त्याला आजचे नियम लागतील, तेव्हा तुमच्या समोरचा रस्ता रुंद होणाऱ्यांत आहे का ते आर्किटेक्टला घेऊन आधी बघून या. अ‍ॅडव्हान्स परत मागा. देणार नाही, पण मागा.