सेमिनरीच्या लायब्ररीत आम्हाला सोडतात का? आणि बाकीचे प्रश्न

मी पुण्यातल्या एका सेमिनरीच्या लायब्ररीत काम करते. सेमिनरी म्हणजे पाळक किंवा फादर व्हायचं शिक्षण जिथे मिळतं ते कॉलेज. सध्याची बातमी म्हणजे आमचा मराठी विभाग इतकी वर्षं वरच्या मजल्यावर कुलूपबंद होता तो खाली रीडिंग रूमला लागून आणलाय, आणि जुन्या कार्डांवरच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं काम चालू आहे. हे कळल्यावर मासिकाकडे बरेच प्रश्न आले, त्यातले काही घेतेय.

मी एमए मराठी करतोय, एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीवर प्रोजेक्ट आहे. ख्रिस्ती नसलेल्यांना सेमिनरीच्या लायब्ररीत सोडतात का? – एक विद्यार्थी, सांगली

सोडतात की! धर्म कोणी विचारत नाही, आयकार्ड विचारतात. आधी फोन किंवा मेल करा, गाईडच्या सहीचं पत्र आणा, आणि एप्रिल-मे शक्यतो टाळा कारण सुट्टीत निम्मा स्टाफ गावी असतो. बाहेरच्यांना पुस्तक घरी सहसा मिळत नाही, तिथेच बसून वाचायचं. मोबाईलने फोटो काढायचा तर विचारून काढायचा, न विचारता काढणाऱ्यांमुळे पुढच्या दहा जणांना त्रास होतो.

पुण्यात यायचं तर एकाच ठिकाणी अडकू नका. नगर रोडला ज्ञानदीप आणि पेपल सेमिनरी आहेत (पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झाली, पुण्यात आली १९५५ ला), बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे जी १९८३ पर्यंत यवतमाळला होती, शिवाय युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, आणि शनिवार पेठेत जेझुइट या कॅथलिक फादरांच्या संघाचं स्नेहसदन. माझा ठोकताळा असा की तत्त्वज्ञान, संतसाहित्य, धर्मांमधला संवाद असलं काही हवं असेल तर कॅथलिक लायब्ऱ्या गाठायच्या आणि एकोणिसाव्या शतकातलं मिशनचं मराठी हवं असेल तर प्रोटेस्टंट, म्हणजे तुम्ही युनियन बिब्लिकल किंवा युनायटेड थिऑलॉजिकलला जा.

आणि बाबा पद्मनजींचं 'यमुनापर्यटन' (१८५७) तुम्ही वाचणारच, पहिली मराठी कादंबरी म्हणून बहुतेक ठिकाणी तेच नाव येतं. खरं सांगू का, कादंबरी म्हणून ती फार पकड घेत नाही, यमुना जाईल तिथे एक विधवा भेटते आणि तिची कहाणी सुरू होते. पण त्या काळात विधवांचं काय व्हायचं याची इतकी माहिती, तीही गोष्टीत घालून, मराठीत आधी कोणी दिलेली नव्हती. लेखक म्हणून पद्मनजी मला 'अरुणोदय' या आत्मचरित्रात जास्त भेटतात. बेळगावातलं बालपण, घरातले सणवार, मग मनात चाललेली ओढाताण, सगळं सविस्तर. प्रोजेक्टमध्ये दोन्ही शेजारी ठेवा.

'स्मृतिचित्रे' तीनदा वाचून झालं. त्याच्या जवळचं पुढे काय वाचू? – एक निवृत्त शिक्षिका, बारामती

बाई, आधी एक विचारते, तुमच्याकडची आवृत्ती पूर्ण आहे ना? कारण संक्षिप्त आवृत्त्या बऱ्याच आल्या आणि पुष्कळ घरांत तीच असते. मूळचे चार भाग १९३४ ते ३७ मध्ये निघाले आणि लक्ष्मीबाई गेल्या १९३६ ला. पूर्ण आवृत्ती नसेल वाचली तर चौथ्यांदा वाचायला सबळ कारण आहे. परदेशातल्या नातवंडांसाठी शांता गोखल्यांचं इंग्रजी भाषांतरही आहे, २०१७ चं.

पुढचं म्हणाल तर पंडिता रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवर्णन, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', १८८९ चं. लक्ष्मीबाईंसारखा खट्याळपणा त्यात नाही, ही बाई अमेरिकेकडे हिशेबनीस बघावा तसं बघते, शाळा किती, बायकांच्या संस्था किती, पैसा कुठून येतो, आणि मग मधेच तिथल्या काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर चिडते. म्हणून मला ती आवडते, भारावून गेलीय पण डोळे उघडे आहेत.

रमाबाईंचंच बायबलचं भाषांतर आमच्या कपाटात आहे. बायका नेहमी विचारतात म्हणून सांगते, त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली आणि केडगावला मुक्तिमिशनच्या छापखान्यात तिथल्या बायकांनीच ते छापलं. रमाबाई एप्रिल १९२२ ला गेल्या, संपूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ मध्ये. ते सलग वाचायला नका घेऊ, एखादी ओळखीची गोष्ट काढा, उधळ्या पुत्राची घ्या हवी तर, आणि चर्चमध्ये वाचतात त्या प्रचलित भाषांतराशेजारी ठेवून बघा. खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून रमाबाई शब्द किती खाली आणतात ते दिसेल.

आणि अगदी आजचं काही हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून नाव ऐकलंच असेल, जुलै २०२४ मध्ये ते गेले. 'सुबोध बायबल' मोठं आहे, सुरुवात 'ओअ‍ॅसिसच्या शोधात' पासून करा, मग 'नाही मी एकला' हे आत्मकथन. वसईची हिरवाई, तिथली बोली, पाणी आणि जमिनीवरून झालेलं आंदोलन हे सगळं त्यांच्या लिखाणात येतं आणि धर्म त्याच्या आतून येतो, वेगळा प्रवचन म्हणून येत नाही.

कॅथलिक बायबल आणि प्रोटेस्टंट बायबल वेगळं असतं का हो? – एक वाचक, जालना

नवा करार एकच, २७ पुस्तकांचा. जुन्या करारात कॅथलिकांकडे सात पुस्तकं जास्त, म्हणून त्यांची एकूण ७३ आणि प्रोटेस्टंटांची ६६. विकत घेताना दुकानदाराला कुठलं हवं ते सांगा.

ख्रिस्तपुराण कुठे वाचायला मिळेल आणि आजच्या माणसाला समजेल का? – एक वाचक, म्हापसा

तुम्ही तर त्याच्या माहेरीच बसलाय! फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, पुढची चाळीस वर्षं तिथेच, बहुतेक काळ साष्टीत, काढली आणि १६१९ ला तिथेच वारला. सुमारे ११ हजार ओव्यांचं हे पुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, आणि तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ ला परत छापलं. गंमत अशी की या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज सापडत नाही. मधे गोव्यात देशी भाषांवर वाईट दिवस आले, १६८४ च्या फर्मानाने तर लोकांना तीन वर्षांत कोकणी सोडा असं सांगितलं. पुराण टिकलं ते हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे, त्यातही मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांमुळे, जिथे ते वाचलं आणि गायलं जायचं. तशा हस्तलिखितांवरूनच १९०७ ला मंगळूरला सालढाणांनी छापील आवृत्ती काढली, तीही रोमनमध्ये. देवनागरी हस्तलिखित एक लंडनच्या सोआस लायब्ररीत आहे, मार्सडेन संग्रहात.

वाचायचं तर देवनागरीत बांदेलूंची १९५६ ची आवृत्ती जुन्या लायब्ऱ्यांत भेटते, आणि अलीकडची फादर नेल्सन फलकाव यांनी संपादित केलेली आहे. तुम्हाला पर्वरीचं थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र जवळ, तिथे आधी विचारा.

समजेल का? ज्ञानेश्वरीची किंवा एकनाथी भागवताची ओवी कानावर असेल तर नक्की समजेल, उलट तुम्हालाच वाटेल की हे आपल्याच आळीतलं आहे. दोन भाग आहेत, पहिलं पुराण जुन्या करारावर, दुसरं ख्रिस्ताच्या चरित्रावर. सुरुवातीपासून नेटाने वाचायला गेलात तर सृष्टीच्या उत्पत्तीत दमाल. मी दुसऱ्या पुराणातल्या जन्मकथेपासून सुरू करायला सांगते, तिथे बेथलेहेम पार कोकणातलं गाव होऊन जातं. आणि मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्या ओव्या, 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' वाल्या, शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहिलेल्या असतात पण त्यांच्या मागेपुढे काय आहे ते कोणी बघत नाही. ते बघा. भाषेचं कौतुक करून हा माणूस लगेच कामाला लागतो. मोठ्याने वाचा एवढंच सांगणं, मनात वाचलं तर निम्मं हरवतं.

लायब्ररी सायन्स करतेय. तुमच्याकडे पुस्तकं ड्यूईप्रमाणेच लावतात का? – नागपूर

वा, हा प्रश्न कोणी विचारत नाही! ड्यूई म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत. पुष्कळ ठिकाणी ड्यूईच, पण सेमिनरीत ड्यूई लावणं हा एक वेगळाच ताप आहे. धर्माला २०० ते २९९, त्यातलं २२० बायबल, २३० ते २८० ख्रिस्ती धर्म, आणि जगातले उरलेले सगळे धर्म २९० मध्ये कोंबलेत. हिंदू धर्म २९४.५, बौद्ध २९४.३, इस्लाम २९७. साधारण लायब्ररीत हा अन्याय वाटतो (आहेच), आणि आमच्याकडे उलट अडचण, निम्मी लायब्ररी २०० मध्येच त्यामुळे दशांशचिन्हापुढे आकडे इतके लांबतात की पुस्तकाच्या कण्यावर मावत नाहीत. न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत ज्युलिया पेटी या ग्रंथपालबाईंनी याच कारणासाठी स्वतंत्र पद्धत बनवली, ती पुढे इतर सेमिनऱ्यांनीही घेतली. आपल्या रंगनाथनांनी त्यांच्या 'कोलन' या वर्गीकरण पद्धतीत धर्माला Q ('क्यू') वर्ग दिला आणि सुरुवात वैदिक धर्मापासून केली, ख्रिस्ती धर्म सहाव्या क्रमांकावर. म्हणजे कोण कुठे बसलाय त्यावर रांग ठरते.

आता तुकारामबुवांना कुठे बसवायचं सांगा. २९४.५ की मराठी साहित्य ८९१.४६? आमच्याकडे दोन्हीकडे आहेत, आणि संख्येने बरेच आहेत. मिशनऱ्यांना संतांचा भारी नाद होता. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी महाराष्ट्रातल्या संतकवींची इंग्रजी भाषांतरांची अख्खी मालिका काढली, निकोल मॅक्निकोलने १९१९ ला संतांच्या अभंगांचं पुस्तक काढलं, फादर गी दलरींचं विठोबा संप्रदायावरचं पुस्तक १९६० ला डेक्कन कॉलेजने छापलं. वारीवर काम करणारी पोरं सेमिनरीत का येतात याचं उत्तर हे.

आमचे पणजोबा अहमदनगरला मिशन शाळेत मास्तर होते. मी न्यू जर्सीत असते, इथून काही शोधता येईल का? – एक वाचक

तुम्ही तर आमच्यापेक्षा जवळ आहात. अमेरिकन मिशन मुंबईत १८१३ ला आलं, नगरला १८३१ ला, आणि इथून बोस्टनला पाठवलेली पत्रं, अहवाल हे सगळं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहे. येल डिव्हिनिटी स्कूलचा डे मिशन्स संग्रहही मोठा आहे. न्यू जर्सीतच प्रिन्स्टन सेमिनरीची लायब्ररी, जिला २०२१ पासून थिओडोर सेजविक राइट यांचं नाव आहे, हे तिथून शिकून बाहेर पडलेले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्या लायब्ररीचं 'थिऑलॉजिकल कॉमन्स' हे ऑनलाइन ग्रंथालय घरबसल्या फुकट वापरता येतं, मिशनचे जुने छापील अहवाल तिथे शोधा.

शोधताना नावाचं स्पेलिंग पाच-सहा तऱ्हांनी घालून बघा, साहेबाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. नावाने नाही सापडलं तर गावाने शोधा, शाळेच्या गावाचं नाव अहवालात हमखास असतं. मराठीत 'ज्ञानोदय' पाहा, १८४२ ला नगरहून सुरू झालं, पुढे रेव्हरंड टिळकही (लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी ना. वा. टिळक) त्याच्या संपादनात होते. नेमणुका, बदल्या, लग्नं, मृत्यू अशा बातम्या त्यात येत राहायच्या. बाप्तिस्म्याची नोंद मात्र लायब्ररीत नसते, ती मंडळीच्या रजिस्टरमध्ये, त्यासाठी त्या चर्चच्या पाळकांना पत्र टाका.

आजीचं जुनं बायबल आणि गीतांचं पुस्तक आहे, पानं सुटलीत, कसर लागलीय. लॅमिनेट करू का? – कोल्हापूर

नको नको नको. लॅमिनेशन परत निघत नाही आणि सेलोटेप तर त्याहून वाईट, काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरंही घेऊन निघते. कडक उन्हातही ठेवू नका. सावलीत, पंख्याखाली, मऊ ब्रशने पानापानातली धूळ आणि कसर काढा, सुटी पानं क्रमाने लावून स्वच्छ सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात गुंडाळा आणि आडवं ठेवा, उभं नको. भिंतीला टेकलेल्या कपाटात तळाच्या खणात तर नकोच, वाळवी तिथूनच येते.

एक निरीक्षण. आमच्याकडे १८४०च्या आसपासचे बांधीव अंक आहेत, चामडी कणा हाताला लाल भुकटी सोडतो पण आतलं पान बिनधास्त वळतं, कारण कागद चिंध्यांचा. शेजारचा १९३०चा खंड दिसायला नवा आणि पानाचा कोपरा दुमडला की कटकन तुटून हातात येतो. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लाने आतूनच जळत जातो. म्हणून आजीचं पुस्तक 'फार जुनं नाही' असं म्हणून टाळू नका, आधी त्याचेच फोटो काढून ठेवा. पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्यांचे जन्म, लग्नं, बाप्तिस्मे लिहिलेले असतात, त्याचा फोटो सगळ्यात आधी. समासात पेन्सिलीने चाली किंवा राग लिहिलेला असेल तर तोही, टिळकांची कित्येक गीतं आजही उपासनेत म्हटली जातात पण कुठल्या गावात कुठल्या चालीवर म्हणायचे ते छापलेलं नसतं.

लायब्ररीला द्यायचं असेल तर पार्सल करण्याआधी मुखपृष्ठ, छापल्याचं साल आणि छापखान्याचं नाव असलेलं पान यांचे फोटो पाठवा. ज्याच्या आमच्याकडे आधीच चार प्रती आहेत त्याला आम्ही नाही म्हणू, राग मानू नका.