संशोधनासाठी परदेशी जोडीदार शोधताय? आधी एक्सेल उघडा

प्राध्यापकांना थेट ‘तुमच्यासोबत काम करायची इच्छा आहे’ असा मेल टाकू नकोस. तसले मेल त्यांना रोज येतात. त्यांचा एखादा पेपर घे, आकडेमोड स्वतः करून बघ आणि जिथे अडलास तेवढंच विचार. मला पहिलं उत्तर असंच आलं, तेही तीन ओळींचं.

आपल्या विषयात, म्हणजे अनेक निकष तोलून पर्यायांची क्रमवारी लावण्यात, पद्धतींना गावं आहेत. एएचपी अमेरिकेत साटींनी मांडली, इलेक्ट्र फ्रान्समध्ये बर्नार रुआंनी. व्हिकोर हे नाव तर सर्बियन शब्दांच्या आद्याक्षरांचं. बेलग्रेडच्या ओप्रिकोविच यांनी तैवानच्या त्झेंग यांच्यासोबत 2004 मध्ये व्हिकोर आणि टॉप्सिस या आणखी एका पद्धतीची तुलना छापली, ती अजून सगळे वाचतात. समोरचा कुठल्या परंपरेतला आहे हे बघून बोल. इलेक्ट्रवाल्यापुढे एएचपीची 1 ते 9 ची मोजपट्टी घेऊन गेलास, तर तासभर वादच.

आता खरी डोकेदुखी. बेल्जियमच्या जोडीदाराने भारांची, म्हणजे कोणत्या निकषाला किती महत्त्व याची, फाइल पाठवली, त्यात 0.35 ऐवजी 0,35 असं स्वल्पविराम देऊन लिहिलेलं. माझ्या एक्सेलने तो आकडा मजकूर समजून बेरजेतून गाळला. क्रमवारी उलटीपालटी झाली आणि मी दोन दिवस सूत्रात चूक शोधत बसलो! म्हणून भारांची बेरीज 1 येते का, ते आधी बघ. कोणत्या निकषात आकडा जास्त तितका चांगला, कोणत्यात कमी तितका चांगला, हेही प्रत्येक रकान्यावर लिहून घे.

आणि लेखकांच्या नावांचा क्रम पहिल्याच कॉलवर ठरव. संकोच वाटतो, माहीत आहे.